किशोरांचे कपाट आणि वाचनाचा हिशेब

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची आजची घडी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्याने बसवली असून शासनमान्यता मिळालेली अकरा-बारा हजार ग्रंथालये अ, ब, क आणि ड अशा चार वर्गांत मोडतात. त्यांतील बहुतेक ग्रंथालये सरकारी नसून स्थानिक संस्थांनी चालवलेली आहेत. सभासदांची वर्गणी आणि शासनाचे परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालयाचा वर्ग पाहून चालू खर्चासाठी दरवर्षी मिळणारी रक्कम, यांवर त्यांचा कारभार चालतो. अशा ग्रंथालयात बालविभाग असतो, महिलांसाठी स्वतंत्र कपाटे असतात, वृत्तपत्रांचे टेबल असते आणि अलीकडे स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी सकाळपासून भरलेली अभ्यासिकाही असते. १२ ते १८ वर्षांच्या वाचकाला मात्र यांपैकी कोणतीच जागा आपली वाटत नाही. बालविभागातील ठसठशीत टाइपातली चित्रमय पुस्तके हातात धरायची त्याला लाज वाटू लागलेली असते, प्रौढ विभागातील कपाटे त्याच्या वर्गणीत बसत नाहीत, आणि अभ्यासिकेत तो गेलाच तर दप्तर घेऊन जातो. सहावी-सातवीपर्यंत नियमाने येणारी मुले आठवी-नववीत दिसेनाशी होतात आणि परत आली तर पदवीनंतर, परीक्षेची पुस्तके शोधत येतात. मधल्या वर्षांत मोडलेली वाचनाची सवय अनेकांच्या बाबतीत पुन्हा जडत नाही.

या वयाच्या मुलांना केवळ आनंदासाठी वाचते करणे हे सार्वजनिक ग्रंथालयाचे काम आहे काय, आणि असल्यास ते कसे करावे, याविषयी ग्रंथालये चालवणाऱ्यांमध्येच मतभेद आहेत. ते समोरासमोर ठेवता यावेत म्हणून पुढे एक संवाद योजला आहे. त्यातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. मात्र त्यांचे आक्षेप आणि उत्तरे अशा कोणत्याही ग्रंथालयाच्या सभेत ऐकू येण्याजोगी आहेत. एक आहेत तालुक्याच्या गावातील ब वर्ग ग्रंथालयाचे कार्यवाह, म्हणजे कार्यकारी मंडळाच्या वतीने रोजचा कारभार पाहणारे पदाधिकारी. ते निवृत्त मुख्याध्यापक असल्याने सारा गाव त्यांना ‘सर’ म्हणतो. दुसऱ्या आहेत तेथील ग्रंथपाल, ज्यांना सभासद आणि कार्यवाह दोघेही ‘बाई’ म्हणतात. बाईंनी मंडळापुढे एक टिपण ठेवले आहे: प्रौढ विभागातील दोन कपाटे रिकामी करून खिडकीलगतच्या कोपऱ्यात किशोर विभाग सुरू करावा, त्याला मुक्तद्वार ठेवावे, म्हणजे वाचकाने चिठ्ठी देऊन पुस्तक मागण्याऐवजी स्वतः कपाटापाशी जाऊन ते निवडावे, आणि तेथील वाचनाची कोणतीही परीक्षा घेऊ नये.

कार्यवाहांचा पहिला आक्षेप उद्देशालाच होता. “बाई, मंडळापुढे हा खर्च मांडायचा तर त्याचे कारण सांगावे लागेल, आणि मुलांना मजा यावी हे कारण वर्गणीदारांच्या गळी उतरणार नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात फुकट ग्रंथालयांचे जाळे विणले, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, त्या काय मजेसाठी? संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते आणि शाळा सुटल्यावर अक्षरओळख पुसली जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब होता. वाचनाने भाषा सुधारावी, विचाराला शिस्त लागावी, बऱ्यावाइटाची जाण यावी, हा हेतू सोडून दिला तर ग्रंथालयात आणि करमणुकीच्या दुकानात फरक तो काय राहिला?”

“सर, महाराजांनी शाळा सक्तीची केली, पण ग्रंथालय ऐच्छिकच ठेवले,” बाईंचे उत्तर होते. “शाळेत जे वाचावे लागते तेच पुन्हा ग्रंथालयात वाचायला लावायचे असते, तर दुसरी संस्था काढायचे त्यांना कारण नव्हते.”

हे उत्तर चटपटीत असले तरी पुरेसे नव्हते, हे बाईंनाही ठाऊक असावे. कारण पुढे त्यांनी आनंदासाठी वाचन म्हणजे नेमके काय, याचे विवेचन केले. लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकी अभ्यासक विदुषीने १९७८ साली वाचनाच्या दोन वृत्तींमध्ये भेद केला. पहिल्या वृत्तीत वाचकाचे लक्ष वाचून झाल्यावर हाती काय उरेल याकडे असते. चुकून विषारी द्रव प्यालेल्या मुलाची आई बाटलीवरची चिठ्ठी वाचते ती उतारा शोधण्यासाठी, तिला त्या चिठ्ठीच्या शैलीशी कर्तव्य नसते. दुसऱ्या वृत्तीत वाचन चालू असताना मनात जे घडत असते तेच वाचकाचे सर्वस्व असते. दोन्ही वृत्ती आवश्यक आहेत आणि एकच मजकूर दोन्ही प्रकारे वाचता येतो. अडचण अशी, की माध्यमिक शाळेत मुलाला जवळजवळ सर्व काळ पहिल्याच वृत्तीचा सराव मिळतो. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उतारा येतो तो आकृतिबंध पूर्ण करण्यासाठी, चौकटी भरण्यासाठी आणि शेवटी ठरावीक ओळींत स्वमत लिहिण्यासाठी. उत्तम लेखकाचा उत्तम परिच्छेदही तिथे गुणांच्या वाटणीसाठी उभा असतो. यात शाळेचा दोष काढण्याचे कारण नाही, कारण परीक्षा घ्यायची तर दुसरे काय मोजणार, असे बाईंचे म्हणणे होते. पण मोजमाप नसलेले वाचन मुलाला कुठेतरी भेटले पाहिजे, आणि गावात तशी जागा ग्रंथालयाखेरीज दुसरी नाही.

त्यांनी पुरावाही दिला. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना ही प्रगत देशांची संस्था पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ नावाची चाचणी घेते. २००० सालच्या पहिल्या फेरीत असे आढळले, की साध्या व्यवसायांतील आईबापांची पण मनापासून आणि भरपूर वाचणारी मुले, वरच्या व्यवसायांतील आईबापांच्या पण वाचनाचा ओढा नसलेल्या मुलांपेक्षा वाचनचाचणीत सरस ठरली. कार्यवाह गणिताचे शिक्षक होते. त्यांनी लगेच विचारले, की आवडीमुळे वाचन सुधारले की वाचन चांगले असल्यामुळे आवड निर्माण झाली, हे या आकड्यांवरून कसे ठरवणार? दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. बाईंनी हा आक्षेप मान्य केला, आणि तो मान्य करणे योग्यच होते. या विषयावर बोलणारे बहुतेक जण तिथे पाऊल अडखळू न देता पुढे निघून जातात.

वादाला खरा रंग चढला तो पुस्तकांच्या यादीवर. बाईंच्या यादीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, भागवतांनीच मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या होत्या, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ होते, बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे बांधलेले खंड होते. इथवर कार्यवाहांची मान होकारार्थी हलत होती. मग नारायण धारपांच्या भयकथा आल्या, बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आल्या, सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ आली, हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद आले, आणि मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’पाशी येताच कार्यवाहांनी पेन्सिलीने फुली मारली.

“आणीबाणीच्या काळातला नववीतला मुलगा, वर्गातल्या मुलीवर जडलेला जीव, मित्रांची ती भाषा. पुस्तक चांगले असेल, नव्हे आहेच. ते प्रौढ विभागात आहे, तिथेच असू द्यावे. उद्या एखाद्या वडिलांनी ते काउंटरवर आणून आपटले तर मंडळाने काय सांगायचे?”

“नववीतल्या मुलाची गोष्ट नववीतल्या मुलाने वाचू नये, असे सांगायचे का, सर? ज्या वयाविषयी ते पुस्तक आहे ते वय सोडून बाकी सर्वांना ते खुले आहे.”

येथे संवाद क्षणभर बाजूला ठेवून एका वस्तुस्थितीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण तिचा उल्लेख दोघांपैकी कोणीही केला नाही. मराठीत या वयाच्या नायकांची जी श्रेष्ठ पुस्तके आहेत त्यांपैकी बरीच या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेली नाहीत. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंतच्या पुस्तकांतला लंपन काय, किंवा २००४ साली आलेल्या ‘शाळा’मधला मुकुंद काय, ही मुले मोठ्या वाचकांच्या पुस्तकांत वाढली आणि म्हणून ग्रंथालयांत मोठ्यांच्या कपाटात राहिली. इंग्रजीत १९६७ साली एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी आली, जी त्यांनी स्वतः शाळेत शिकत असताना लिहिली होती, आणि त्यानंतरच्या काळात किशोरांसाठीची कादंबरी हा प्रकाशनाचा एक भरभक्कम वेगळा व्यवहार झाला. मराठीत तो तसा झाला नाही. ‘बाल-किशोर’ असे जोडनाव लावून दोन्ही वयांना एकत्र बांधण्याची रीत राहिली, आणि त्या जोडगोळीत किशोराच्या वाट्याला बहुधा बोधकथा आणि चरित्रे आली. याचा अर्थ असा, की मराठी ग्रंथालयात किशोर विभाग नवीन खरेदीने फारसा उभा राहणार नाही. असलेल्या पुस्तकांची जागा हलवून, जाणत्या नजरेने केलेल्या निवडीनेच तो उभा राहील. प्रकाशकांनी न केलेले काम ग्रंथपालाला करावे लागेल आणि त्याची जोखीमही घ्यावी लागेल.

अर्नाळकरांवरची चकमक तुलनेने खेळीमेळीची झाली. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने कित्येकांना वाचनाची चटक लावली, सरांच्या पिढीनेही झुंजार आणि काळापहाड वाचले असतीलच, असे बाईंनी सुचवताच कार्यवाहांनी ते नाकारले नाही. “वाचले ना, पण ते भूगोलाच्या पुस्तकात लपवून. त्याची गोडी निम्मी लपवण्यात होती. ग्रंथालयाने फलक लावून, कपाटात ओळीने मांडून दिले असते, तर कुणी हात लावला नसता.” या उत्तरात थट्टेपेक्षा अधिक काही आहे. फ्रान्समधील साहित्याचे शिक्षक आणि कादंबरीकार दानिएल पेनाक यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यांत पान गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि वाटेल ते वाचण्याचा हक्क तर आहेच, पण पहिला हक्क मुळात न वाचण्याचा आहे. संस्था ज्या क्षणी हा हक्क आपण होऊन बहाल करते त्या क्षणी त्यातले बंड संपते, ही कार्यवाहांची शंका पेनाकच्या समर्थकांनी गंभीरपणे घ्यावी अशी आहे. अर्थात आज रहस्यकथा लपवून वाचावी लागते असा दरारा घरोघरी उरलेला नाही. आज लपवला जातो तो मोबाइल, आणि त्याविरुद्ध गाऱ्हाणे गाण्यात दोघांनीही वेळ दवडला नाही.

बक्षिसांचा प्रश्न कार्यवाहांनी काढला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. त्या निमित्ताने ग्रंथालयाने आठवी ते दहावीच्या मुलांसाठी स्पर्धा ठेवावी, वर्षभरात सर्वांत जास्त पुस्तके वाचून प्रत्येकाचा एक पानी सारांश देणाऱ्याला मोठे बक्षीस द्यावे, असा त्यांचा पर्यायी प्रस्ताव होता. बाईंनी त्याला १९७३ सालच्या एका प्रयोगाचा आधार घेऊन विरोध केला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीत, रंगीत पेनांनी चित्रे काढणे ज्यांना मुळातच आवडते अशा मुलांचे तीन गट केले. एका गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितले, दुसऱ्याला ते अचानक दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत कोण किती चित्रे काढतो हे पाहिले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुले इतरांपेक्षा त्या पेनांकडे कमी वळली. जे आपल्याला आवडते म्हणून आपण करत होतो ते आता कशासाठी तरी करतो आहोत, अशी मनाची समजूत होते आणि आवड उताराला लागते. मानसशास्त्रात याला अतिसमर्थनाचा परिणाम म्हणतात.

“पण बाई, त्या मुलांना चित्रांची आवड आधीपासून होती, हे तुम्हीच आता सांगितले,” कार्यवाह म्हणाले. “जिथे आवडच नाही तिथे बक्षिसाने बिघडणार काय? ज्याने आजवर एकही पुस्तक उघडले नाही असा मुलगा सायकलच्या आशेने दहा पुस्तके उघडील, आणि त्यांतले एखादे त्याला धरून ठेवील.”

ही या संवादातील कार्यवाहांची सर्वांत बळकट बाजू आहे. बाईंनी तिला तत्त्वाने उत्तर न देता अनुभवाने दिले, की स्पर्धेत पहिली येणारी मुले बहुधा आधीच वाचणारी असतात, उरलेली सारांश एकमेकांच्या वहीतून उतरवतात, आणि सायकलीच्या आशेने उघडलेली दहा पुस्तके कपाटातली सर्वांत पातळ दहा असतात. यावर शेवटी जो तोडगा निघाला तो विशेष चमकदार नाही: स्पर्धा होईल, पण बक्षीस पुस्तकांच्या संख्येला नसेल, एखादे पुस्तक दुसऱ्या मुलाला का वाचायला द्यावे हे सांगणाऱ्या चार ओळी लिहायच्या, त्या पुस्तकाच्या आत चिकटवायच्या, आणि सारांश कोणी मागायचा नाही. यातही मोजणी शिरणारच, हे बाईंना मान्य नव्हते, तरी त्या गप्प बसल्या.

पुस्तकांच्या दिसण्याविषयीचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, परंतु ग्रंथालयात जो प्रत्यक्ष वावरला आहे त्यालाच तो सुचू शकतो. मराठी ग्रंथालयांत नवे पुस्तक आले, की त्याला दाखल अंक मिळतो, म्हणजे दाखल नोंदवहीतील क्रमाचा आकडा. मग मऊ बांधणीचे पुस्तक बाइंडरकडे जाते, त्याचे मूळ मुखपृष्ठ निघून जाते किंवा आत दडपले जाते, आणि ते परत येते तेव्हा त्याला जाड पुठ्ठा, तपकिरी किंवा मळखाऊ हिरवे रेक्झिन आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला आकडा असतो. कपाटात अशी दोनशे पुस्तके शेजारी उभी राहिली, की रहस्यकथा कोणती आणि पंचवार्षिक योजनेचा अहवाल कोणता हे आकडा वाचल्याशिवाय कळत नाही. मुरलेल्या वाचकाला त्याने फरक पडत नाही, कारण तो लेखकाचे नाव मनात धरून आलेला असतो. चौदा वर्षांचा मुलगा मात्र पुस्तक निवडतो ते मुखपृष्ठ पाहून, मागचा मजकूर वाचून आणि जाडीचा अंदाज घेऊन. मुक्तद्वार दिले आणि कपाटात सारखीच पाठमोरी पुस्तके ठेवली तर दार उघडून उपयोग काय, असा बाईंचा प्रश्न होता. कार्यवाहांनी हिशेब मांडला, की बांधणी नसलेले पुस्तक दहा-पंधरा हातांत खिळखिळे होते आणि त्याचे निर्लेखन करायचे, म्हणजे ते नोंदवहीतून रीतसर कमी करायचे, तर त्यालाही मंजुरी लागते. अखेर मुखपृष्ठ जपून काढून पुठ्ठ्यावर चिकटवावे, वर पारदर्शक प्लॅस्टिक चढवावे आणि प्रत्येक फळीवर चार पुस्तके तोंड पुढे करून ठेवावीत, असे ठरले. वाढीव खर्चाची तजवीज राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान या १९७२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेच्या साहाय्य योजनांतून होते का, ते पाहण्याचे कार्यवाहांनी कबूल केले.

वेळेचा प्रश्नही त्याच ओघात आला. सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन सत्रांत उघडणारे ग्रंथालय मुलाच्या शाळेच्या आणि क्लासच्या वेळांशी नेमके आदळते, आणि संध्याकाळी सातनंतर मोकळी होणारी मुलगी घरी असावी अशी गावाची अपेक्षा असते. बाईंनी रविवार दुपारचे दोन ते पाच मागितले. कार्यवाहांनी ते फारसे ताणले नाही, कारण त्यांच्या शाळेतल्या किती मुली दहावीनंतर ग्रंथालयात पुन्हा आल्याच नाहीत, हे त्यांना बाईंपेक्षा अधिक माहीत होते.

याउलट देवघेवीच्या नोंदीवरून झालेला मतभेद मिटला नाही. कोणी कोणते पुस्तक नेले याची नोंद पालकाने मागितली तर दाखवायची काय? बाईंचे म्हणणे, दाखवू नये. पुस्तक परत आले की नाव आणि पुस्तक यांचा संबंध नोंदीतून काढून टाकावा. अमेरिकी ग्रंथालय संघाच्या १९३९ सालच्या आचारसंहितेतच वाचकाची खासगी माहिती गोपनीय ठेवण्याचे कर्तव्य सांगितले आहे, आणि स्टॉकहोममध्ये २०११ साली सुरू झालेल्या ‘तिओत्रेत्तोन’ या १० ते १३ वर्षांच्या मुलांच्या ग्रंथालयात तर पालकांना आत प्रवेशच नाही. शरीराविषयी, प्रेमाविषयी, घरातल्या दारूविषयी किंवा आत्महत्येच्या विचारांविषयी ज्याला काही वाचावेसे वाटते तो मुलगा, आपली नोंद संध्याकाळी वडिलांना दिसेल असे कळल्यावर ते पुस्तक नेणार नाही, एवढेच नव्हे तर बहुधा पुन्हा येणारही नाही.

“स्वीडनच्या पालकांनी ते चालवून घेतले असेल,” कार्यवाह म्हणाले. “इथे अर्जावर सही पालकाची, अनामत रक्कम पालकाची, पुस्तक हरवले तर भरपाई पालकाची. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला कशाचे ते सांगायचे नाही, हे कोणत्या नियमात बसते?” बाईंनी अनामतीची रक्कम किशोरांना माफ करावी असे सुचवले, कार्यवाहांच्या मते त्याने सहीचा प्रश्न सुटत नव्हता. विषय पुढील सभेसाठी ठेवण्यात आला.

तोवर कार्यवाहांनी राखून ठेवलेला आक्षेप बाहेर आला. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ सालच्या अहवालात १४ ते १८ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही. “बाई, तुमचे कपाट उरलेल्यांसाठी आहे. जो अक्षर लावत लावत वाचतो त्याला निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे सजा आहे. त्याला आधी वाचता आले पाहिजे, मग आनंद.”

“आधी-मग असा क्रम लावला तर त्याचा आनंद कधीच येणार नाही, सर. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती दुसरीचे पुस्तक दिले तर तो ते सर्वांदेखत उघडणारही नाही. पण त्याला धारपांची कथा कोणी मोठ्याने वाचून दाखवली तर तो ऐकेल. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाला लोक गर्दी करत होते, त्यांतल्या किती जणांना सफाईने वाचता येत होते?”

कार्यवाह यावर खुलले, कारण कथाकथन हा त्यांच्या पिढीचा जिव्हाळ्याचा विषय होता. बाईंनी मग बाल्टिमोर शहरातील इनॉक प्रॅट ग्रंथालयाच्या मार्गारेट एडवर्ड्स यांची माहिती दिली. त्यांनी १९३० च्या दशकापासून तेथील किशोर विभाग नावारूपाला आणला, शाळांतून जाऊन पुस्तकांविषयी बोलण्याची पद्धत पक्की केली, ज्यात गोष्ट उत्कंठेच्या जागी आणून सोडायची आणि पुस्तक टेबलावर ठेवून निघायचे, आणि ग्रंथालयात न येणाऱ्या वस्त्यांत घोडागाडीतून पुस्तके नेली. मात्र त्यांच्या यशाचे मर्म त्या गाडीपेक्षा एका कडक अटीत होते: त्यांच्या हाताखाली काम शिकणाऱ्या सहायकाला किशोरांच्या उपयोगाची ३०० पुस्तके स्वतः वाचावी लागत आणि त्यांवर एडवर्ड्स यांच्याशी बोलावे लागे.

येथे दोन्ही बाजूंची अडचण एकच आहे हे उघड झाले. कार्यवाह निवड मोठ्यांनी करावी म्हणत होते आणि बाई ती मुलांनी करावी म्हणत होत्या. पण कपाटातली पुस्तके ज्याने वाचलेली नाहीत त्याला दुसऱ्यासाठी पुस्तक निवडता येत नाही, आणि निवडू पाहणाऱ्या मुलाच्या शेजारी उभे राहून, हे नको, ते बघ, असेही म्हणता येत नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे आहे. ही गाठ आपोआप पडत नाही, ती घालणारा वाचलेला माणूस लागतो. मराठी ग्रंथालयांत पुस्तके कमी आहेत ही तक्रार नेहमी ऐकू येते, हा माणूस कमी आहे ही क्वचितच.

“तर मग बाई, तीनशे नको, पन्नास वाचा. कधी वाचणार?”

“कामाच्या वेळेत.”

कार्यवाहांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अनुदानातून मिळणारा पगार तुटपुंजा आहे, त्यात घरी नेऊन वाचा असे सांगण्याचा अधिकार मंडळाला नाही, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवले. पण ग्रंथपाल काउंटरवर बसून कादंबरी वाचत असल्याचे सभासदांनी पाहिले तर पुढच्या वार्षिक सभेत काय ऐकावे लागेल, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. त्यांनी शनिवार सकाळचे सत्र सुचवले: त्या सत्रात देवघेव बंद ठेवावी, वृत्तपत्रांचे टेबल शिपायाने सांभाळावे, आणि बाईंनी किशोर विभागासाठी वाचन करावे. तशी सूचना फलकावर लावावी लागेल, आणि सूचनेत ‘ग्रंथपालांचे वाचन’ असे न लिहिता ‘ग्रंथपरीक्षण’ असे लिहावे, म्हणजे कोणाची हरकत येणार नाही, असेही ते म्हणाले.

बाईंनी ‘वाचन’ हाच शब्द राहू द्यावा असा आग्रह धरला.